तात्पुरता ताण

सर दुकानात शिरले की मी बाहेरच थांबायचे. बोहरी आळीत उभं राहायला जागा नसते. हातगाड्या, टेम्पो, खांद्यावर पाइप घेतलेले हमाल, आणि त्या सगळ्यांच्या वाटेत पर्स छातीशी धरून मी. तरी ते धक्के परवडायचे. आत सरांच्या शेजारी उभं राहणं नको वाटायचं.

आतलं बाहेर ऐकू यायचंच. सर काउंटरवरचा एखादा शॅकल उचलायचे. शॅकल म्हणजे पोलादाची जाड कडी, तिचं तोंड बंद करायला आडवी पिन असते. ती चष्म्याजवळ नेऊन सगळ्या बाजूंनी बघायचे आणि विचारायचे, "हा किती वजन पेलतो?"

"घ्या हो काका, काही होत नाही."

"'काही होत नाही' हे किलोमध्ये सांगा."

दुकानदार आधी हसायचा. "अहो, सगळे हाच नेतात."

"सगळे सध्या कुठे असतात? बरे आहेत ना?"

मग हसू जायचं. "घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर ठेवा खाली." सर तो शॅकल हळूच, एखादं आजारी पाखरू ठेवावं तसा, खाली ठेवायचे आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विनाकारण सांगायचे, "यावर वजन कोरलेलं नाही. कोरलेलं नाही, म्हणजे पेलत नाही." गिऱ्हाईक सरांकडे बघायचं, दुकानदार बाहेर माझ्याकडे बघायचा, आणि मी समोरच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या बादल्यांकडे बघायचे.

कोथरूडमधल्या एका ट्रस्टच्या लहानशा रेडिओ केंद्रात मी कार्यक्रम करते. पाककृती, ज्येष्ठ नागरिकांच्या गप्पा, शाळांची नाटुकली, आरोग्यावर कुणीतरी डॉक्टर. आमचा आवाज फार लांब जात नाही, पण जिथे जातो तिथे लोक मनापासून ऐकतात. सर आमचे तांत्रिक प्रमुख. सरकारी नोकरीत त्यांनी डोंगरमाथ्यांवर टॉवर उभे करण्यात आयुष्य काढलं होतं आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे आले होते. स्वतः गाडी चालवत नसत. त्यामुळे खरेदीला जायचं असलं की माझी स्कूटर आणि मी. सर मागे हेल्मेट घालून, दोन्ही हातांनी मागची दांडी धरून बसायचे आणि प्रत्येक सिग्नलला मला सांगायचे, "पिवळा आहे. पिवळा म्हणजे हिरवा नव्हे."

ते पँटला पट्टाही लावायचे आणि वर गॅलिसही. ऑफिसात नवीन येणारं प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात हे विचारायचंच. सर शांतपणे सांगायचे, "एक निकामी झालं तर दुसरं आहे." दोन्ही एकदम निकामी झाली तर, असं एकदा अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं. सर म्हणाले, "तर तुम्ही दुसरीकडे बघाल असा माझा तुमच्या संस्कारांवर विश्वास आहे." बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पंख्याखाली बसायचे नाहीत. कुणाच्या घरी गेले की आधी छताकडे बघायचे, मग खुर्ची सरकवायचे, मग "नमस्कार" म्हणायचे. यजमानांना वाटायचं, आमच्या छताला काय झालंय? आणि गच्चीवर कुणी दोरीवर कपडे वाळत घालत असलं, तर ती दोरी कशाला बांधली आहे हे सर बघून यायचे.

एकदा कर्वे रस्त्यावर त्यांनी मला स्कूटर थांबवायला लावली. चौकात कुठल्यातरी साहेबांच्या वाढदिवसाचा मोठा फलक लावलेला होता. बांबूचा सांगाडा, बारीक तारेने विजेच्या खांबाला आवळलेला, आणि खाली केळेवाला. सर उतरले आणि त्यांनी ती तार धरून हलवून बघितली. सगळा फलक हलला. चार कार्यकर्ते लगेच आले.

"काय काका, काय प्रॉब्लेम आहे?"

"साहेबांचा वाढदिवस आहे ना? कुणाची पुण्यतिथी होईल, एवढंच."

"ओ काका, नीट बोला."

"मी नीटच बोलतोय. बांधलंय ते नीट नाही."

त्यातल्या एकाने सरांच्या दंडाला धरलं. माझ्या तोंडाभोवती स्कार्फ होता, फक्त डोळे उघडे, म्हणून वाचले. मी स्कूटर पुढे घेतली आणि बस स्टॉपपाशी जाऊन थांबले. जणू हे गृहस्थ माझ्याबरोबर नव्हतेच. सर चालत आले, मागे बसले, दांडी धरली. रागावले नाहीत. "केळेवाल्याला दुसरीकडे बसवलं," एवढंच म्हणाले.

सगळ्यात जास्त त्यांना चीड होती ती 'तात्पुरतं' या शब्दाची. आणि नेमकी त्याच शब्दाशी आमची गाठ पडली. आमच्या इमारतीच्या गच्चीवरचा टॉवर तीन बाजूंनी तारा ताणून उभा केलेला होता. या ताणाच्या तारांना ते काम करणारी माणसं 'गाय' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द आहे, पण आपल्या कानांना गाय ती गायच. आम्ही चहा प्यायला गेलो की सर फोनवर मोठ्याने बोलायचे, "पश्चिमेची गाय पार गंजली आहे. तिला सोडायची आणि तिच्या जागी तात्पुरती दुसरी बांधायची." शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी एकदा कौतुकाने विचारलं, "गोठा कुठे आहे आपला?" सर म्हणाले, "गच्चीवर." आणि फोनवर पुढे बोलू लागले.

त्या पश्चिमेच्या तारेचा कठड्यातला लोखंडी गज गंजून गेला होता. तो काढून, कठडा फोडून, नवीन गज बसवून काँक्रीट भरायचं होतं. काँक्रीट वाळेपर्यंत त्या बाजूला दुसरी तार हवी, कारण एक बाजू सोडली की उरलेल्या दोन बाजू टॉवरला आपल्याकडे ओढून पाडणार. आमच्या सचिवांना हे सगळं फार लांबण लावल्यासारखं वाटलं.

"तात्पुरतंच आहे ना सर? नायलॉनचा जाड दोर बांधा की."

"टॉवरला तात्पुरतं कळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला तुम्ही सांगणार, बाबा रे, मंगळवारपर्यंतच आहे, जरा कमी वजन टाक?"

नायलॉन ताणला की लांबतो, आणि टॉवरला खेळायला जागा मिळते. अकाउंट्सच्या बाई ट्रेकिंगला जायच्या, त्यांनी मोठ्या मनाने आपले रंगीत कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, देऊ केले. सर म्हणाले, "हे माणसांसाठी आहेत. माणूस हलका असतो आणि थोड्या वेळाने घरी जातो." उघड्या तोंडाचा हूक तर त्यांना दुकानाच्या फळीवर दिसला तरी चालायचा नाही. ताण आला की हूक सरळ होतो, हे ते बोट वाकवून आणि मग ताठ करून दाखवायचे. दोन्ही टोकांना बंद, ठोकून घडवलेलं, आणि ज्याच्यावर वजन कोरलेलं आहे असंच सामान हवं. त्यासाठी आम्ही किती दुकानं पालथी घातली याची गणती नाही. मी बादल्या बघितल्या, कुलपं बघितली, एका दुकानातला पितळी घंटांचा अख्खा साठा मला पाठ झाला.

टॉवरवर चढायचं काम दत्ताचं. दत्ता मूळचा यवतमाळकडचा. बायकोबरोबर विश्रांतवाडीला राहायचा, शहरभर टॉवरची कामं करायचा. बोलायला मवाळ, पण वर चढताना प्रत्येक जोड स्वतः हाताने चाचपल्याशिवाय पाय टाकायचा नाही. सर त्याचा पट्टा रोज स्वतः तपासायचे, बकल ओढून बघायचे, रात्री झोप झाली का, सकाळी खाल्लं का, सगळं विचारायचे. दत्ता मला म्हणायचा, "ताई, माझी आईसुद्धा एवढं विचारत नाही." पण विचारलं नाही तर चुकल्यासारखा बघायचा.

काम रविवारी ठरलं, कारण रविवारी दुपारी आमचं प्रसारण बंद असतं. सगळं सामान गच्चीवर एका चादरीवर ओळीने मांडलेलं होतं. आणि ऐन वेळी तार घट्ट करायचा जो टर्नबकल असतो, त्याचे आटे अडकले. तो फिरेचना. तेल घालून झालं, ठोकून झालं. बोहरी आळी रविवारी बंद. सर म्हणाले, "आज नको. उद्या बघू."

सचिव गच्चीवरच होते. सोमवारी केंद्राचा वर्धापनदिन होता, पाहुणे यायचे होते. ते हसले आणि म्हणाले, "एवढे महिने खरेदी केलीत सर. सगळं पुणं ओळखतं तुम्हाला. आणि तरी एक वस्तू कमीच?"

आम्ही बरेच जण होतो तिथे. काही जण हसले. मीही हसले असेन. सरांचा चेहरा मला दिसला नाही, कारण ते वळून जिना उतरायला लागले होते. थोड्या वेळाने वर आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यातला जुना टर्नबकल होता. एका टोकाला हूक असलेला. "हा माझा आहे," ते म्हणाले. "डोंगरावर वापरलेला."

पुढचं मी खालून बघितलं, कारण मला पाहुण्यांच्या खुर्च्यांचा फोन आला म्हणून मी रस्त्यावर उतरले होते. नेहमीचा दुपारचा वारा होता, झाडाची पानं हलतील एवढा. वर काहीतरी चाबकासारखं वाजलं. टॉवर हळूच एका बाजूला झुकला, जरा थांबला, आणि मग मधोमध मोडून लिफ्टच्या खोलीवर जाऊन पडला. त्या मोडलेल्या भागाला पट्ट्याने बांधलेला दत्ता होता.

मी वर पोचले तेव्हा दोघंतिघं त्याला धरून होते. तो ओरडत नव्हता, फक्त "हात, हात" म्हणत होता. पट्टा तुटला नव्हता, म्हणूनच तो जिवंत होता. पण हात आणि कंबर टॉवर आणि भिंतीच्या मध्ये सापडली होती. अग्निशमन दलाची माणसं येऊन त्याला सोडवेपर्यंत सर त्याच्या डोक्यापाशी उकिडवे बसून होते. त्याला नेल्यावर ते उठले, तुटक्या तारेच्या टोकापाशी गेले, तिथून काहीतरी उचललं आणि पँटच्या खिशात घातलं.

सचिव घाम पुसत म्हणाले, "वारा काय सुटला हो एकदम!" आणि सरांकडे बघत राहिले.

सर म्हणाले, "हो. वारा होता."

सरांच्या तोंडून इतक्या चटकन निघालेला होकार मी कधी ऐकला नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी हा माणूस "कुठल्या महिन्यात?" असं विचारणारा. मला वाटलं, धक्का बसलाय. दुसऱ्या दिवशी लहानशा पर्यायी एरियलवरून प्रसारण सुरू झालं तेव्हा सचिवांनी दिलेला मजकूर मी वाचला. जोरदार वाऱ्यामुळे टॉवरचं नुकसान झालं, आमचे एक सहकारी जखमी झाले, त्यांना लवकर बरं वाटो. सर काचेपलीकडे उभे होते. माझं वाचून झालं, मी मान वर केली, तेव्हा ते तिथे नव्हते.

दत्ताला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले, तेव्हा मंगल, त्याची बायको, औषधं आणायला खाली गेली होती. दत्ता छताकडे बघत म्हणाला, "ताई, वारा नव्हता. हूक उघडला."

"तू बघितला नव्हतास?"

"बाकी सगळे जोड बघितले. तेवढा एक बघितला नाही. सरांनी स्वतः लावला होता." मग म्हणाला, "मंगलला सांगू नका. कुणालाच नका सांगू. या वयात कुठं तोंड दाखवतील ते?"

मी सांगितलं नाही. मला ते मोठ्या मनाचं वाटलं, त्याचंही आणि माझंही.

दत्ता घरी आल्यापासून सर रोज सकाळी विश्रांतवाडीला जायला लागले. शनिवार पेठेतून बस बदलून जायचे. भाजी न्यायचे. दत्ताला रिक्षातून व्यायामाला न्यायचे. मोरीतला गळका नळ त्यांनी दुरुस्त केला, दाराची कडी बदलली, गॅसची नळी बदलली. मंगल एका खानावळीत पोळ्या करायची. ती कामाला निघेपर्यंत सर तिथेच असायचे. ती चहा करून द्यायची आणि ते तो उभ्यानेच प्यायचे. ऑफिसात मात्र त्यांचं येणं कमी होत गेलं. आले तरी कुणाच्या वाटेला जायचे नाहीत. एकदा अकाउंट्सच्या बाई मुद्दाम पंख्याखाली खुर्ची ठेवून म्हणाल्या, "बसा ना सर," आणि सर बसले. बाईंचेच डोळे भरून आले.

मग एक दिवस मंगलचा फोन आला. "ताई, सरांना तुम्ही सांगा ना. रोज नका येऊ म्हणावं."

"का गं? काही बोलले का?"

"बोलत काहीच नाहीत. पण आम्हालाच लाज वाटते. एवढा शिकलेला माणूस, माझ्या वडलांच्या वयाचा. काल माझ्या मोरीतल्या बादल्या भरत होते. शेजारचे विचारतात, कोण लागतात तुमचे? काय सांगू मी? देवमाणूस आहेत ते, पण रोज रोज असं बघवत नाही."

मी सरांच्या घरी गेले. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकटेच असायचे. मी मंगलचा निरोप जमेल तेवढा मऊ करून सांगितला.

"त्यांना संकोच होतो, सर."

"माहीत आहे."

"मग कशाला जाता?"

सर उठून खिडकी लावून आले. मग म्हणाले, "मी रोज सांगायला जातो. बसमध्ये वाक्य तयार असतं. जिना चढेपर्यंत असतं. मग ती म्हणते, या सर, बसा, आणि चहा ठेवते. मग मी नळ दुरुस्त करतो."

"दत्ताला माहीत आहे, सर. त्याने मला हॉस्पिटलमध्येच सांगितलं."

"त्याला माहीत आहे हे मला माहीत आहे," सर म्हणाले. "टॉवर का पडला, हे त्याने मला एकदाही विचारलं नाही. दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं." ते हाताच्या तळव्यांकडे बघत होते. "त्याने एकदा शिव्या दिल्या असत्या तर मी घरी बसलो असतो."

"मग एकदाच सांगून टाका. म्हणजे तुम्हीही सुटाल आणि तेही."

हे मी म्हटलं. माझ्या डोक्यात चित्र होतं ते असं, की सर सांगतील, दत्ता म्हणेल, जाऊ द्या हो सर, आणि विषय संपेल. त्या घरात आणखी एक माणूस आहे, हे मी धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. पिवळ्या सिग्नलला मी पुढे गेले तरी ते काही बोलले नाहीत. दत्ता घरी नव्हता. शेजाऱ्याबरोबर हाताचा एक्सरे काढायला गेला होता. दारात मंगल. मला बघून तिला बरं वाटलं. "बरं झालं ताई तुम्ही आलात. तुम्हीच समजवा यांना." आणि ती गॅसकडे वळली.

सर म्हणाले, "चहा नको."

तिने चमकून बघितलं. सर उंबऱ्याच्या आत उभे होते, हेल्मेट अजून हातात होतं.

"त्या दिवशी वारा नव्हता," ते म्हणाले. "तार ज्या हुकाला होती, तो हूक माझा होता. जुना. त्याच्यावर वजन कोरलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणी आणला असता तर मी त्याला गच्चीवरून हाकलून दिलं असतं. काम दुसऱ्या दिवसावर ढकलायला हवं होतं. चारचौघांत मला कमीपणा वाटला, म्हणून मी तो लावला. तो उघडला. आणि तुमचा नवरा तिथे अडकलेला असताना मी तो खिशात घातला आणि वारा म्हणालो."

मंगलला आधी नीट कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "यांना माहीत आहे?"

"दत्ताला? हो," सर म्हणाले.

"आणि ताई, तुम्हाला?"

मी फरशीकडे बघितलं. सवयीने कुठेतरी दुसरीकडे बघायला गेले असते, पण त्या खोलीत बघायला दुसरं काही नव्हतं.

"म्हणजे एकट्या मलेच माहीत नव्हतं," मंगल म्हणाली. आमच्याशी ती नेहमी पुण्यासारखं बोलायची. आता तिची बोली आपोआप गावाकडे गेली. "रोज येऊन रायले तुमी. रोज माह्या हातचा चहा पेले. मी देवापाशी हात जोडले तुमच्यासाठी. म्हटलं, असा माणूस कोनाले भेटत नाही. शेजाऱ्याइले सांगत होती मी, आमचे सर म्हणून."

"हो," सर म्हणाले.

"काय हो? त्याचा हात पुरा सरळ होत नाही आता. लुगडं धुवाले लागते तेवढा येळबी नाही लागला, आन तुमी वारा म्हणून मोकळे झाले?"

"हो."

"जा तुमी," ती म्हणाली. "इथं येऊ नका आता. आन ताई, तुमीपण."

सर "बरं" म्हणाले. चपला घालताना त्यांचा तोल गेला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "आज लवकर निघालात सर?" त्यांनाही ते "हो"च म्हणाले. आम्ही परत निघालो. मला वाटत होतं, मी या म्हाताऱ्या माणसाला कुठे नेऊन उभं केलं? आणि त्याहून जास्त हे वाटत होतं, की मंगलला जे इतक्या दिवसांनी कळलं ते तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, आणि आम्ही तिघांनी मोठ्या मनाने मिळून ते तिच्यापासून लपवलं.

आठवडाभरात सरांनी कार्यकारिणीपुढे तेच सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि राजीनामा दिला. सचिव म्हणाले, कशाला उगीच उकरायचं, झालं ते झालं. सर मला म्हणाले, "तुम्ही रेडिओवर वारा म्हणाला होतात. ते दुरुस्त करा." मी सकाळच्या कार्यक्रमात सांगितलं, की टॉवर वाऱ्याने नाही, चुकीच्या हुकामुळे पडला होता, आणि आधी सांगितलं ते खरं नव्हतं. सचिव माझ्यावर चिडले. श्रोत्यांपैकी एकाच आजींचा फोन आला. त्यांना आधीच्या भागातली भगरीच्या धिरड्यांची कृती पुन्हा हवी होती.

दिवाळीनंतर नवीन टॉवर उभा करायचं ठरलं. दत्ताचा हात बराच सुधारला होता. कोपरात थोडा वाकडा राहिला होता, पण डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली होती. दुसऱ्या कुणाला बोलवू असं सचिव म्हणत होते, पण दत्ता ऐकेना. आणि त्याने एक अट घातली, की खाली सर हवेत. सरांना मी फोन केला. त्यांनी विचारलं, "त्याच्या बायकोला माहीत आहे?" मी म्हटलं, मला कल्पना नाही. "तिला विचारा आधी." दत्ताने विचारलं. ती काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही. "येते ती पण," एवढंच म्हणाला.

त्या सकाळी मंगल गच्चीवर आली, पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसली आणि कुणाशी बोलली नाही. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं आणि बाजूला ठेवलं. सरांनी सगळं सामान मांडलं होतं. एकेक वस्तू उचलून त्यांनी दत्ताच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी बघितलंय. तू बघ." दत्ताने एकेक बघितली, नखाने चाचपली, दोन वस्तू परत फिरवून बघितल्या. सर त्याच्या शेजारी थांबले होते, पण त्याला घाई करत नव्हते. दत्ताने पट्टा चढवला. सर पुढे झाले आणि थबकले. दत्ताच जवळ सरकला आणि त्याने पट्ट्याचं बकल त्यांच्या पुढ्यात धरलं. सरांनी ते ओढून बघितलं. मग पुन्हा एकदा ओढून बघितलं.

दत्ताने टॉवरवर पहिला पाय टाकला, तेव्हा मंगल उठली आणि सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे मागे सरकलो. सचिवसुद्धा.

"हे खाली उतरेपर्यंत तुमी इथून हलणार नाही ना?"

"नाही."

"जेवायला पण नाही."

"नाही."

"फोन आला तरी नाही."

"नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनीही नजर खाली घातली नाही. मग तिने पदर खोचला, टॉवरकडे वळली, आणि नवऱ्याला म्हणाली, "चढा."